कानवाल्याचा रेडिओ

आमच्या दादाला सगळ्या जगातली रेडिओ स्टेशनं घरबसल्या मिळाली आणि त्या दिवसापासून त्याच्या जिवाला शांतता म्हणून राहिली नाही. जावयाने दिलेला तो डबा. चपलांच्या खोक्याएवढा, पुढे एक गोल बटण आणि वर एक काचेची पट्टी. घरातल्या वायफायला जोडला की झालं, एरियल नको की तार नको. बटण फिरवलं की आधी देश येतात, देशांत शहरं, शहरांत स्टेशनं. जुन्या गाण्यांची तर दशकंसुद्धा वेगळी लावलेली. पन्नासचं दशक, साठचं, सत्तरचं. जावयाला वाटलं, सासऱ्यांना जुन्या गाण्यांचा नाद आहे, खूश होतील. झाला की खूश. पण थोडेच दिवस. मग तो नुसती स्टेशनं शोधायला लागला आणि गाणी ऐकायचं बाजूलाच राहिलं.

मी त्याची धाकटी बहीण. त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहते, एकटी. तोंडाने फटकळ आहे, हे मी सांगायच्या आधी वहिनीच तुम्हाला सांगतील. भाऊ काय करतो असं कोणी विचारलं की मी म्हणते, लिफ्टचा डॉक्टर आहे. आणि ते काही खोटं नाही. आयुष्यभर त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. आधी एका कंपनीत होता, निवृत्त झाल्यावर स्वतःच्या जोरावर आसपासच्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळायला लागला. त्याला सगळे कानवाले काका म्हणतात. का, तर त्याची तपासायची पद्धत. गच्चीवर मशीनच्या खोलीत जायचं, लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. लिफ्ट खालीवर फिरवायला सांगायची. मग डोळे उघडून म्हणायचं, "ठीक आहे," नाहीतर, "हे खोलावं लागेल."

त्याचा एक नियम होता. आवाज आला तरच खोलायचं. चालत्या यंत्राला उगाच हात लावायचा नाही. बाकीचे कारागीर गरज नसताना यंत्र उघडून बसतात, लोकांना घाबरवतात आणि भलतेच भाग बदलायला लावतात, याचा त्याला भारी राग. त्याच्या या नियमामुळेच लोकांचा त्याच्यावर विश्वास. कानवाले काका ठीक म्हणाले म्हणजे विषय संपला. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी त्याच्या तोंडावर कधी बोलून दाखवला नाही, कारण आधीच त्याचं डोकं कमी चढलेलं नव्हतं.

तर रेडिओ. दादाचं एक आवडतं गाणं आहे. आमच्या लहानपणी ते सारखं लागायचं. त्यात कडवं संपलं की गाणारी क्षणभर थांबते, आणि त्या थांबण्यात कोणीतरी एक बारीकशी घंटी वाजवतं. टिंग. एकदाच. मग ती पुढे गाते. दादा लहान असताना त्या जागेला बोट वर करायचा, आणि घंटी वाजली की बोट खाली आणायचा. आई हसायची. या नव्या डब्यावर त्याने पहिल्याच आठवड्यात ते गाणं शोधून काढलं, बोट वर केलं, आणि ते तसंच राहिलं. घंटी आलीच नाही.

"कापली," तो म्हणाला. "डिजिटल आहे ना हे. जागा वाचवायला बारीक आवाज काढून टाकतात. मी वाचलंय."

वाचलं असेलही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, असेल बाबा. तिथून त्याचा शोध सुरू झाला. हे स्टेशन कापतं, मग दुसरं बघ. दुसरंही कापतं, मग असं स्टेशन बघ की ज्याच्या नावापुढे मोठा आकडा आहे. मोठा आकडा म्हणजे जास्त चांगला आवाज, असं जावयाने सांगितलं होतं. भाषा कळत नाही अशा देशांतली जुन्या गाण्यांची स्टेशनं त्याने पालथी घातली. काही स्टेशनं आज असायची आणि उद्या पट्टीवर नुसतं 'उपलब्ध नाही' असं यायचं. काही मध्येच अडकायची आणि गोल गोल चक्र फिरत राहायचं. तो त्या चक्राकडे बघत बसायचा. वहिनी म्हणायच्या, "वन्सं, तुमचे बंधू वाया गेले. माझ्याकडे एवढं बघितलं असतं तर बरं झालं असतं."

निवेदकांवर तर त्याचा भलताच राग. "पुटपुटतात मेले. पूर्वीचे लोक कसे बोलायचे, शब्द न् शब्द सुटा. हे तोंडात गुळणी धरल्यासारखे." एका स्टेशनला त्याने मुलीकडून इंग्रजीत मेल पाठवली, तुम्ही गाण्यातली घंटी का कापता म्हणून. त्या लोकांचं अगदी सभ्य उत्तर आलं. आमच्याकडे गाणं संपूर्ण आहे, काहीही कापलेलं नाही, आपण एवढं बारकाईने ऐकता याचा आनंद वाटला. दादा म्हणाला, लबाड आहेत. आम्ही हसलो. मीही हसले. 

मी दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसते. दवाखाना सहाव्या मजल्यावर आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर एका बाईंची गुडघ्यांचे व्यायाम करून घ्यायची खोली आहे. वहिनींचे गुडघे गेलेत, त्यामुळे त्या तिथे येतात. जिना त्यांना जमत नाही, लिफ्टनेच येतात. आणि त्या इमारतीची लिफ्ट सांभाळतो आमचा दादा.

लिफ्टमधला तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, कोणाच्या तरी पिशवीतलं काहीतरी वाजतंय. लिफ्ट थांबायच्या जरा आधी, वरून, एक बारीक किंचाळी. ताटावर चमचा जोरात ओढावा तशी. दातांच्या दवाखान्यात बसणाऱ्या बाईला बारीक किंचाळ्यांची सवय असते, मी काही मनावर घेतलं नाही. पण तो रोज यायला लागला. माझ्याबरोबर लिफ्टमध्ये असलेली माणसं वर बघायची, मग एकमेकांकडे बघायची, आणि दार उघडलं की विसरून जायची. मी विसरत नव्हते. त्यात लिफ्ट नीट थांबेना. आधी बोटभर खाली थांबायची. एक म्हातारे गृहस्थ अडखळून आमच्या दारातच पडता पडता वाचले. पुढे चार बोटं. लोक सवयीने पाय उचलून बाहेर पडायला लागले. माणसाला कशाचीही सवय होते, त्याचीच मला चीड येते.

मी दादाला सांगितलं. "तुझी लिफ्ट ओरडते."

"कुठे ओरडते?"

"थांबताना. वरून आवाज येतो."

तो दुसऱ्याच दिवशी आला. तसा कामाला चोख. मी दवाखान्यातून सुट्टी काढून त्याच्याबरोबर गच्चीवर गेले. रखवालदाराने लिफ्ट खालीवर फिरवली. दादाने स्क्रूड्रायव्हर लावला आणि डोळे मिटले. मी दाराशी उभी होते, मधे अख्खी खोली होती, तरी तो आवाज माझ्या दातांत शिरला. मला वाटलं, आता दादा डोळे उघडेल आणि म्हणेल, खोलायला पाहिजे.

दादाने डोळे उघडले. "ठीक आहे," तो म्हणाला. "थांबायची जागा जरा हललीये, ती नीट करून देतो."

"अरे, आवाज?"

"मोटरचा आवाज आहे तो. मोटर काय मुकी असते का? तू तुझे दात सांभाळ."

मी गप्प बसले. मी आणि गप्प बसणं, तुम्हीच बघा. पण हा माणूस आयुष्यभर हेच करत आला, आणि मी पावत्या फाडणारी. मी कोण त्याला शिकवणार? तरीही मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. लिफ्ट काही दिवस नीट थांबली. मग परत बोटभर खाली. आणि किंचाळी आता लांबायला लागली. मी जिन्याने जायला लागले. वहिनींना म्हटलं, "थोडे दिवस व्यायाम घरीच करा की." त्या म्हणाल्या, "का? घरचं माणूस लिफ्ट बघतंय, मला कसली भीती?"

माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर दादाने खालून हाक मारली. गेले तर स्वारी भलतीच खुशीत. माळ्यावरून एक कॅसेट सापडली होती. त्याने तरुणपणी साध्या रेडिओवरून भरून घेतलेली, तेच गाणं. शेजारच्या शिंप्याकडून त्याने कॅसेटचा प्लेअर मागून आणला होता. टेबलावर एका बाजूला तो प्लेअर आणि दुसऱ्या बाजूला इंटरनेटचा डबा, असा सगळा थाट.

"आज तुला पुरावाच देतो," तो म्हणाला. "या टेपमध्ये घंटी आहे, माझ्या डोळ्यांदेखत भरलीये. आधी ही ऐक, मग स्टेशनवरचं लावतो. मग मला सांग, कापतात की नाही."

"वहिनी कुठायत?"

"गेली व्यायामाला. बस तू."

टेप सुरू झाली. गाण्याच्या मागे खरखर होती, जुन्या रेडिओची. गाणारीचा आवाज जरा लहरत होता. कडवं संपलं. ती थांबली. दादाने बोट वर केलं.

टिंग. स्वच्छ. काचेवर नखाने टिचकी मारावी तशी.

दादाचं बोट वरच होतं. ती पुढे गायला लागली तसं त्याने ते हळूच खाली घेतलं. "अरेरे," तो म्हणाला. "टेपही झिजली. यातूनही गेली घंटी."

 काय झालंय ते मला एका क्षणात कळलं, आणि कळू नये असंही वाटलं. मी प्लेअर बंद केला. टेप मागे घेतली आणि परत लावली.

"दादा, आता माझ्याकडे बघ. माझ्या हाताकडे बघ."

घंटी वाजली तेव्हा मी टेबलावर बोट आपटलं. परत मागे घेतली, परत आपटलं. मग स्टेशनवरचं लावलं, त्या मोठ्या आकड्याच्या स्टेशनवरचं. तिथेही त्याच जागी आपटलं. दादा माझ्या बोटाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"तुला ऐकू येते?" त्याने विचारलं.

"येते."

"सगळ्या स्टेशनांवर?"

"मी सगळी कुठे ऐकली? पण इथे येते. टेपवरही येते. कोणी काही कापलेलं नाही रे."

 मला वाटलं, आता भांडेल, टेपला नावं ठेवेल, मला वेडी म्हणेल. भांडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला रातकिडे ऐकू येत नाहीत. बरेच दिवस झाले. मला वाटलं, औषधं फवारून मारले असतील."

मला त्याची इतकी कीव आली की त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण वेळ नव्हता. मी म्हटलं, "दादा, लिफ्टचा आवाज. तो असाच बारीक आहे. या घंटीसारखाच वरचा."

तो उठला तो खुर्ची पाडूनच. "कसा आहे? नीट सांग. सारखा येतो की थांबताना?"

"थांबताना. आणि आता लांबत चाललाय."

"ब्रेक," तो म्हणाला. "ब्रेक आहे तो. आणि ती वर गेलीये."

स्कूटर मी चालवली. निघताना वहिनींना फोन लावला, त्यांनी उचलला नाही; तिथल्या रखवालदाराचा लागलाच नाही, आणि दवाखाना तर बंदच. व्यायामाच्या वेळी त्या फोन पिशवीत ठेवतात. दादा मागे बसून माझ्या खांद्याला असा धरून होता की दुसऱ्या दिवशी तिथे बोटांचे वळ दिसले. वाटेत त्याने मला सांगितलं. ब्रेकचे दोन जबडे मोटरच्या चाकाला आवळून धरतात, त्यांना आतून अस्तर असतं. अस्तर संपलं की लोखंड लोखंडावर घासतं आणि ओरडतं. ओरडतं तोवर धरतं तरी. मग एक दिवस धरतच नाही.

आम्ही इमारतीत शिरलो तेव्हा लिफ्ट खाली येत होती. दारावरचे आकडे उतरत होते. दादा बटणाकडे धावला, पण ते दाबून काय होणार? तो दारासमोर नुसता उभा राहिला. मला किंचाळी ऐकू येत होती, जिन्याच्या अख्ख्या पोकळीत भरलेली. त्याला येत नव्हती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि माझ्या तोंडावरून त्याला सगळं कळत होतं.

तळमजल्याचा आकडा लागला. लिफ्ट थांबली नाही. दाराच्या काचेतून मला आधी वहिनींचे पाय दिसले, मग कंबर, मग चेहरा, आणि मग तो चेहराही खाली गेला. धाडकन आवाज झाला. तो मात्र दादानेही ऐकला.

दार खेचून उघडलं. लिफ्ट हातभर खाली, खड्ड्यातल्या स्प्रिंगवर बसली होती. वहिनी कोपऱ्यात खाली बसलेल्या, पिशवी छातीशी धरून. मोडलं नव्हतं काही. आम्ही दोघांनी त्यांना काखेत हात घालून वर घेतलं. त्या थरथरत होत्या, आणि थरथरतच दादाला म्हणाल्या, "अहो, ही कसली लिफ्ट सांभाळता तुम्ही?" एरवी त्याने काहीतरी उलट सुनावलं असतं. त्याने फक्त त्यांच्या साडीला लागलेली धूळ झटकली.

वहिनींना रखवालदाराच्या खुर्चीवर बसवलं. दादाने वीज तोडली, दाराला दोरी बांधली आणि जिना चढायला लागला. मी मागे. गच्चीवर त्याने ब्रेक उघडला. अस्तर नावालासुद्धा उरलं नव्हतं. काळी भुकटी पडली होती आणि लोखंडावर चकचकीत ओरखडे होते. त्याने ती भुकटी बोटावर घेतली.

"डोळ्यांनी बघितलं असतं तरी कळलं असतं," तो म्हणाला. "कोणालाही कळलं असतं. मी खोललंच नाही."

"झालं ते झालं. वाचल्या ना त्या."

त्याने ते काळं बोट माझ्यासमोर धरलं. "अगं, ही एकच लिफ्ट आहे का माझ्याकडे? सगळीकडे असाच कान लावून ठीक आहे म्हणत फिरलोय मी. कधीपासून ते मला तरी कुठे माहितीये?"

आम्ही तिथेच मशीनच्या खोलीच्या पायरीवर बसलो. फोन त्याचा, बोलायची मी. एकेक इमारत. लिफ्ट बंद करा, काकांनी सांगितलंय, तपासल्याशिवाय चालू करू नका. बहुतेकांनी कुरकुर केली आणि ऐकलं. दादा प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघायचा, मी मान डोलावली की पुढचा नंबर दाखवायचा.

शेवटचा नंबर वृद्धाश्रमाचा होता. तिथे माणसं चाकांच्या खुर्च्यांत बसून लिफ्टने खालीवर करतात. रखवालदाराने फोन उचलला. मी सांगितलं.

"बाई, कानवाले काका या आठवड्यातच येऊन गेलेत," तो म्हणाला. "माझ्यासमोर कान लावला त्यांनी. ठीक आहे म्हणाले. आता सगळ्यांना बागेत न्यायची वेळ झाली, तुमचं ऐकून बंद करू? तुम्ही कोण?"

"मी त्यांची बहीण. ते इथेच आहेत."

"मग त्यांनाच द्या."

मी फोन दादाला दिला. दादा ओरडून म्हणाला, "मी बोलतोय. लिफ्ट बंद कर, आत्ताच्या आत्ता." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दादाने फोन कानावर घट्ट दाबला. "काय? काय म्हणालास? मोठ्याने बोल." परत काहीतरी. "हं? परत सांग."

मी फोन ओढून घेतला. रखवालदार हसत होता. "बाई, कोणाला फसवताय? हे कानवाले काका नाहीत. काकांना एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही." त्याच्या बोलण्यामागे कुठेतरी, लांब, तो आवाज होता. बारीक, वरचा, लांबत जाणारा. मग फोन कट झाला. मी परत लावला, त्याने उचलला नाही.

"काय म्हणाला?" दादाने विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं, पण जीभ वळली नाही. "तिथली लिफ्टही ओरडतेय. आणि तो म्हणाला, हे कानवाले काका नाहीत."

 दादा गुडघ्यावर हात टेकून उठला. "बरोबर आहे त्याचं. चल, स्कूटर काढ," म्हणाला, आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागला.